विहाराचं गेट, माझ्या रॉडने

३ सप्टेंबर
वेल्डिंग सेट आला. माझा साळा सुगत साकोलीत वेल्डिंग करतो आणि स्वतःला इंजिनिअर समजतो. व्हिडिओ पाहून मला चार दिवसांत जमेल. विहार कमिटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. विहाराचं नवं गेट माझ्याकडून, माझ्या बाबांच्या स्मरणार्थ, माझ्या हातचं. अशोक विजयादशमीला आई ते उघडेल. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता माघार नाही.

५ सप्टेंबर, सकाळ
पहिला रॉड लोखंडाला चिकटला. दुसराही. तिसरा होल्डरसकट. व्होल्टेज कमी आहे.

दुपार
शेजारची पिठाची चक्की जोरात चालू आहे. तिला व्होल्टेज कसं पुरतं, कोण जाणे.

१० सप्टेंबर
आता रॉड पेटतो, पण तडतडतो. हातोडी मारली की जोड सुटतो. सुगत पाहून गेला. म्हणे, भाऊजी, रॉड सादळले हायेत. माठाखाली काहून ठेवले? थंड जागी ठेवावेत म्हणून. औषधाच्या बाटलीवर तसंच लिहिलेलं असतं.

११ सप्टेंबर
ऊन नाही. रॉड चुलीत वाळवले. वरचा मसाला गळून पडला, नुसत्या तारा उरल्या. क्वालिटी खराब. दुकानदाराला सुनावणार. उद्या.

१६ सप्टेंबर
खुशबूने कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यात, बल्बखाली, रॉडचा नवा पुडा ठेवला. म्हणाली, दोन दिवस हात लावू नोका. पिल्लं स्वयंपाकघरात. बायकोने टेक्निकल गोष्टीत पडू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. पिल्लांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं.

१९ सप्टेंबर
जोड टिकला! हातोडी मारली, टिकला. वर उभा राहिलो, टिकला. हात बसला माझा. बल्बचा थोडा हातभार.

२८ सप्टेंबर
गेट तयार. दोन पल्ले किंचित वेगळ्या उंचीचे. डिझाइन. कमिटीचे अध्यक्ष बाबुलालजी बराच वेळ नुसते पाहत राहिले. भारावले असावेत.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
गेट बसवलं. बिजागऱ्या सुगतने तयार पाठवल्या होत्या, पण माणूस निष्काळजी. प्रत्येक बिजागरीच्या दोन तुकड्यांत चक्क फट! गुरं शिरू नयेत म्हणून गेट लावून घेतलं आणि चारही फटी वेल्डिंगने काठोकाठ भरून टाकल्या. खुशबू काहीतरी सांगत होती. हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही.

२ ऑक्टोबर
आईने फीत कापली. कडी काढली. ढकललं. गेट हललं नाही. बाबुलालजींनी ढकललं. मग दहा-बारा जणांनी. छिन्नी-हातोडाही हरला. सुगत बिजागऱ्यांपाशी वाकला आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाला, भाऊजी, येवढा पक्का जोड तं मलेबी नाही जमत. सगळं गाव मागच्या कुंपणाच्या तारा वाकवून आत गेलं. आईचं पांढरं लुगडं तारेत फाटलं. मी बाहेरच, गेटवरच्या बाबांच्या नावाच्या पाटीखाली बसून राहिलो. फार लाज वाटली.

सुगतने ग्राइंडर आणून चारही जोड कापले, दुसऱ्या बिजागऱ्या लावल्या. आईने बाहेर येऊन पुन्हा ढकललं. एका हाताने उघडलं. मला म्हणाली, तुह्या बापाचं गेट हाय, बाहेर कायले बसला? चाल आत.

रात्री खुशबूला विचारलं, काल काय सांगत होतीस? म्हणाली, हेच का त्या फटीवरच गेट फिरते.

आज हेल्मेट नव्हतं. पिल्लांना त्यांचं खोकं परत दिलं.