एका माणसाचे तीन नट

तीर्थस्वरूप मावशीस,

ढब्बूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या फक्त कागदावर). तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना कळ येते का? डॉक्टर प्रवास नको म्हणाले असतील तर त्यांचं ऐकावं, असं आपलं माझं मत.

तू अकरा वर्षं खपून मराठीत आणलेल्या त्या जाडजूड रशियन कादंबरीचा सिनेमा एकदाचा पुरा झाला. पटकथा माझी, म्हणून दमणूकही माझीच. बर्फ साबणाच्या फेसाचा होता. त्यावरून नायिका दोनदा घसरली आणि घोडा एकदा (घोड्याने मात्र पुन्हा त्या वाटेला जायला साफ नकार दिला, आमच्यात तेवढा एकच स्वाभिमानी निघाला). लोकरी कोटांत नट घामाने निथळत होते आणि दिग्दर्शक ओरडत होते, “कुडकुडा! कुडकुडा!”

पण खरी गोची वेगळीच. रशियन माणसाला एक नाव पुरत नाही, हे तुला सांगायला नको. तुझा नायक कचेरीत आडनावाने, परक्यांत स्वतःच्या आणि बापाच्या नावाने आणि आईच्या तोंडी लाडाच्या नावाने वावरतो. आमच्याकडे या तीन नावांना तीन नट घेतले गेले. अर्धं चित्रीकरण उरकलं तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. हे तिघे एकमेकांशी कधीच कसे बोलत नाहीत, अशी शंका दिग्दर्शकांना आली, तेव्हा त्यांनी मला तिघांचं भांडण लिहायला सांगितलं. मी लिहिलं. आता आडनाववाला लाडाच्या नाववाल्याला गोळी घालतो, म्हणजे तुझा सज्जन कारकून भर चौकात स्वतःचाच खून करून स्वतःच्याच बायकोशी लग्न करतो आणि आई तिसऱ्याकडे राहायला जाते. (आईचं काम करणारी बाई फार छान रडते, पण कुणासाठी ते तिलाही नीट माहीत नाही.)

मला कळायला हवं होतं गं. मी स्वतः तुला ढब्बू, हजेरीपुस्तकात आडनाव आणि घरी ‘अहो’. उद्या कुणी ‘अहो’च्या कामाला वेगळा नट घेतला तर चालेल का, असं बायकोला विचारलं. “बघा मिळतोय का,” म्हणाली.

गुरुवारी दुपारी पहिला खेळ आहे. निर्मात्यांनी तुला खास पाहुणी म्हणून बोलावलंय. पडद्यावर तुझं नाव येतं, चांगलं मोठ्या अक्षरात. इतकी वर्षं तू त्याचीच वाट पाहत होतीस, हे ठाऊक असल्यामुळे जीव नकोसा झालाय.

तुझा दमलेला,
ढब्बू

ता. क. : गुडघा दुखतोय म्हणून कळव ना. एवढ्याचसाठी हे पत्र.

ता. क. दुसरा : पात्रांची यादी मीच केली होती. माझ्या लग्नात तू दिलेली प्रत ‘दोनदा वाचली’ असं वीस वर्षं सांगत आलो, ती परवा नीट उघडली. तेहतिसाव्या पानापुढची पानं बाइंडरने कापलीच नव्हती, सगळी एकमेकांना जोडलेली. बाकीची गोष्ट तू दर रविवारी सांगायचीस, त्यावरून लिहिली. सांगताना तू नुसतं ‘तो’ म्हणायचीस. कोणता, ते मी विचारलं नाही. आता सुरीने पानं कापत तीन दिवसांत सगळं वाचून काढलं. शेवटी म्हातारी आई त्याला तिन्ही नावांनी हाका मारते आणि एकाही हाकेला ओ येत नाही, तिथे मला रडू आवरेना.

ता. क. तिसरा : पहिला ता. क. खोडला असं समज. ये. मी शेजारी बसेन. पडद्यावर तुझं नाव येऊन गेलं की तू डोळे मीट, मी तुला हळू आवाजात पुस्तकच वाचून दाखवीन. सहाशे बारावं पान तेवढं सुरीने फाटलंय, पण ते तुला पाठ असेल.