कापलेला समास

दिग्रस, मंगळवार, ९ डिसेंबर, संध्याकाळ

आज भर बसस्टँडवर रेणूवर ओरडलो. डोकं अजून थाऱ्यावर नाही.

कॉलेज सोडल्यापासून मी जुन्या सेनापतींच्या युद्धाच्या आठवणी जमवून राह्यलो, हे फक्त तिलाच माहीत. त्यातलं सगळ्यात जुनं पुस्तक, एका इंग्रज जनरलचं, तिनं वाचायला नेलं होतं. त्याच्या समासात कोण्या शिपायानं पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, ‘इथं साहेब खोटं बोलतो.’ त्या एका ओळीसाठी मी ते पुस्तक जिवापाड जपत होतो. देताना तिला बजावलंही होतं, याला काही करू नको. तिनं ते बाइंडिंगला टाकलं. बाइंडरनं कडा मशीनवर सफाचट केल्या. ओळ गेली.

“अक्कल आहे का तुले? कायले बाइंडिंग केलं?”

“पानं गळून राह्यली होती. मले वाटलं, तू खुश होशीन.” एवढं बोलून ती बसमध्ये चढली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर पुस्तकाची पाठ पाहिली. सोनेरी अक्षरांत माझं पूर्ण नाव! मुद्दाम टाकून घेतलेलं. आणि मी फक्त कडा पाहत बसलो?

आता ती बोलेल का माझ्याशी?

जनरलनं पुस्तकभर पराभवाचं खापर हाताखालच्यांवर फोडलंय. वर मी काय लिहिलं ते पुन्हा वाचलं. बजावलं-बिजावलं काही नव्हतं. पुस्तक देताना तिच्या हाताला हात लागला, त्यातच बोलायचं राहून गेलं.

बजावल्याच्या त्या वाक्यासमोर, डायरीच्या याच पानाच्या समासात, पेन्सिलीनं लिहिलं, ‘इथं साहेब खोटं बोलतो.’

उद्या हे पान तिला नेऊन देतो.