मावशीचे गहू आणि न पडलेला उजेड

अमरावती, शनिवार

ती. भागीरथामावशीस प्रियदर्शनीचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? देवमनकाका गोळ्या आपणहून घेतात, की तू ओरडल्यावरच? मी इथे विद्यापीठात बरी आहे (म्हणजे जेवते, तुला तेवढंच विचारायचं असतं).

आता तुझ्या गव्हाची हकीकत ऐक. पेशी प्रथिन बनवायला सुरुवात नेमकी कुठून करते, हे मी शोधते. त्यासाठी गव्हाच्या दाण्यातला बारीक अंकुर कुटून रस काढायचा आणि काजव्याला उजेड देणारं प्रथिन बनवण्याचा निरोप त्यात सोडायचा. प्रथिन झालं की रस उजळतो. निरोपाची सुरुवातीची अक्षरं बदलली की उजेड कमीजास्त होतो, त्यावरून सुरुवातीचं गुपित कळतं. तयार रस बाहेरून मागवला तर यायला दोन महिने लागतात, म्हणून मी आमच्या मार्गदर्शक संध्या मॅडमना ऐटीत सांगितलं, आमच्या मावशीचे अकोल्याचे गहू आहेत, अव्वल!

मशीनने उजेड मोजला. शून्य. पुन्हा मोजला, पुन्हा शून्य. संशोधनात चूक नेहमी शेजारच्या टेबलावर असते, म्हणून मी ती सोबतच्या कुंदनवर ढकलली. मॅडमसमोर म्हणाले, हा रस बर्फात ठेवत नाही, म्हणून तो बिघडतो. बोटं निळी होईपर्यंत बर्फात हात घालून त्याने सगळं नऊ वेळा केलं. शून्यच. मॅडमनी त्याला बाटल्या धुवायला बसवलं. गव्हाला खमंग वास तेवढा येत होता. मॅडमना आणि मला ती उत्तम दर्जाची खूण वाटली (दोघीही विज्ञान शिकलेल्या).

गुरुवारी तुझा फोन आला. "अवं, जरासे भाजून देल्ले ना तुले! नाही तं किडे लागले असते." मावशी, भाजल्यावर अंकुरातलं सगळं मरतं गं. त्यात कोण काय बनवणार?

मी सगळ्या विभागासमोर कुंदनची माफी मागितली. बाटली विसळता विसळता तो म्हणाला, "मले तं पहिल्याच दिवशी भाजल्याचा वास आला होता. पण तुया मावशीचे गहू, कसं बोलू?"

"मंग नऊ वेळा कावून केलं?"

त्याने तीच बाटली पुन्हा धुवायला घेतली.

काल किराण्यातल्या कच्च्या गव्हावर उजेड आला. अंधुक, पण आला.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. पुढच्या रविवारी गहू न्यायला कुंदन येतोय. कच्चेच दे.

आणखी ता. क. गहू कुरियरनेही आले असते. त्याला जेवू घाल, नीट पाहून घे. पटला तर बाबांशी तूच बोल, तुझं ते ऐकतात. त्याला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. तो फक्त गव्हासाठी येतोय. असं तोही म्हणतो.