पाचशे पंच्याऐंशीवर सुभद्रा

२ सप्टेंबर १९८४, रविवार
मस्कतहून साळा आला. देवराव एरवी निरुपयोगी माणूस, पण यंदा डिजिटल रेडिओ आणला. काटा नाही, चक्री नाही. बटण दाबा, आकडा बदलतो, स्टेशन हजर. अख्ख्या महाल भागात असा दुसरा सेट नसावा.
मागे एक खटका आहे, ९ आणि १० असा. ९ वर होता. १० वर केला. मोठं असताना लहान कशाला वापरायचं?
माहितीपुस्तक वाचलं नाही. ते सामान्य लोकांसाठी असतं.
जुना व्हॉल्वचा रेडिओ शेजारच्या यमुताईंना देऊन टाकला. बिचाऱ्या खूश.
संकल्प: रोज सकाळी लंडन ऐकणे. इंग्रजी सुधारणे.

४ सप्टेंबर
लंडन लागलं. बोलणारा इंग्रजीतच बोलत असावा. ऑफिसात गणपतराव साहेबांना जगाची परिस्थिती समजावून सांगितली.
सुभद्रा म्हणे, "अवो, आपलं नागपूर काहून लागत नाही?" म्हटलं, जग हाताशी असताना नागपूर काय ऐकायचं?

७ सप्टेंबर
सुभद्राचं रेडिओवर गाणं आहे! भुलाबाईचं, म्हणजे इकडच्या भोंडल्याचं. मंडळात म्हणते ते ठाऊक होतं, पण या वेळी एकटीचं. रेकॉर्डिंग झालंसुद्धा. म्हणे, तुम्ही लंडन ऐकत होता म्हणून सांगायचं राहिलं. चौदा तारखेला दुपारी एकला, महिलांच्या कार्यक्रमात.
तिला म्हटलं, तुझा आवाज डिजिटलवर ऐकू. हसली. गणपतराव साहेबांना आणि सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं.

९ सप्टेंबर, रविवार
ट्रायल घेतली. नागपूर ५८५ वर असतं. आपला सेट ५८० दाखवतो, मग एकदम ५९०. दोन्हीकडे नुसती शिट्टी.
निष्कर्ष: स्टेशन जागेवरून सरकलं आहे. केंद्राला पत्र टाकलं. भाषा नम्र ठेवली.
सुभद्रा म्हणे, "यमुताईकडे तं बरोबर लागते." समजावलं, जुन्या सेटला चूक कळत नाही. "मंग तिकडेच ऐकू ना." देऊन टाकलेल्या सेटवर? माणसाला स्वाभिमान असतो.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
अर्धी रजा. सतरंज्या अंथरल्या. सुभद्रानं चिवडा केला, नवं लुगडं नेसली. साहेब सपत्नीक आले.
एक वाजता शिट्टी. एरियल खिडकीला बांधली. शिट्टी. साहेबांना म्हटलं, हवामानाचा परिणाम आहे, परदेशातही होतं.
तेवढ्यात भिंतीपलीकडून यमुताई ओरडल्या, "अवो भैयाजी, लवकर या ना गा! सुभद्राचं नाव घेऊन राह्यले!"
आधी बायका उठल्या. मग साहेब पाणी पिऊन येतो म्हणाले आणि चिवड्याची बशी घेऊन गेले. सुभद्रा दारात थांबली. "चलता का?" म्हणाली. म्हटलं, दोन मिनिटं, आता लागतंच. ती गेली.
पलीकडच्या आवाजानं ट्यूनिंगमध्ये व्यत्यय येत होता, म्हणून खिडकी लावून घेतली.
नंतर पलीकडे टाळ्या. साहेब परत आले, डोळे पुसत होते. म्हणाले, भाग्यवान आहात. सेटबद्दल असावं.

१६ सप्टेंबर, रविवार
सुभद्रा दोन दिवस बोलत नाही. बहुधा गाऊन घसा बसला.
वेळ होता म्हणून माहितीपुस्तक चाळलं. तो खटका म्हणजे स्टेशनं किती किती अंतरावर शोधायची याचा. अमेरिकेत १०, भारतात ९. १० वर ५८५ येतच नाही. असल्या गोष्टी कंपनीनं पहिल्या पानावर छापाव्यात. अकराव्या पानावर कोण जातं?
९ वर केला. नागपूर लख्ख लागलं. भाजीचे भाव चालू होते.
केंद्राला दुसरं पत्र: दुरुस्तीबद्दल आभार.

१ ऑक्टोबर
लोकांना आवडलं म्हणून तेच गाणं शुक्रवारी पुन्हा लावणार आहेत. सुभद्रानं हे यमुताईंना सांगितलं, त्यांनी मला. या वेळी आमंत्रण नाही, गर्दी नाही. आपण दोघंच. सगळी तयारी करून ठेवणार. चूक शक्यच नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा अर्धी रजा. यमुताई बोलवायला आल्या होत्या. सुभद्रा म्हणाली, नाही, आज घरीच ऐकू. स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसली.
एक वाजता निवेदिकेनं नाव घेतलं. ५८५. नजर काढली नाही. शिट्टी नाही, खरखर नाही. पूर्ण गाणं झालं, आकडा तसूभर हलला नाही. अंगावर काटा आला.
सुभद्रानं शेंगा बाजूला ठेवल्या. हळूच म्हणाली, "कसं झालं?"
म्हटलं, "एकदम क्लिअर. पॉइंटवर."
"सेटचं नाही इचारलं वं माय," असं शेंगांकडे बघूनच म्हणाली आणि आत गेली.
मग गाणं आठवायला बसलो. माहेराबद्दल होतं, की सासराबद्दल? भाऊ येतो, की येत नाही?
आकडा तेवढा आठवतो.