उतरलेल्या सेलांची चाल

मी, ज्योती अमृतराव पाईकराव, वय ४८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात बसून, स्वतःच्या हाताने, दुपारचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला आले त्यांना मी चहा पाजून परत पाठवले. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या थोरल्या भावाच्या मते ते १९९६ पासून ठिकाणावर नाही, पण डॉक्टरांनी तपासले तेव्हा बिघडलेले निघाले ते हृदय. पुढच्या आठवड्यात नांदेडला त्याची झडप बदलायची आहे. परत आले तर हा कागद पेटीत राहील. नाही आले तर यातला शब्दन्‌शब्द पाळायचा.

वकील ओमप्रकाश यांनी आधी एक मसुदा करून आणला होता, दीड पानाचा, कोरडा. मी विचारले, यात मी कुठे आहे? ते म्हणाले, "ताई, मृत्युपत्रात फक्त मालमत्ता असते." मी म्हटले, मग बसा आणि माझी मालमत्ता समजून घ्या. ते बसले, म्हणून हा कागद इतका लांबला आहे.

कलम पहिले : ओटा. घराआधी ओट्याचे लिहिते, कारण भांडण त्याचेच आहे. आमचे वडील कालकथित अमृतराव यांनी साखरा गावातली जमीन भावाच्या नावे केली आणि दोन खोल्यांचे घर, पुढचे दुकान व दुकानापुढचा शहाबादी फरशीचा ओटा माझ्या नावे केला. ओट्याच्या चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस माझे दुकान, दक्षिणेस लिंबाचे झाड, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत. या भिंतीवर आम्ही लहानपणी आमच्या नाचाच्या टोळीचे नाव गेरूने लिहिले होते. शेजाऱ्याने तीनदा चुना मारला तरी भिंत ओली झाली की ते अजून दिसते.

भाऊ रविंद्र यांचे म्हणणे असे की ओटा फोडून तिथे शटरचे दोन गाळे काढावेत, कारण ओट्यावर टवाळ पोरे बसतात. होय, बसतात. बसण्यासाठीच तो आहे. हल्ली पोरीही बसतात. मोबाईलवर ठोका लावून यमके जुळवतात, आणि त्यांच्यात सगळ्यात खणखणीत आवाज रविंद्र यांच्याच लेकीचा, प्रतिक्षाचा आहे. सबब घर, दुकान व ओटा मी माझी भाची प्रतिक्षा रविंद्र पाईकराव हिला देत आहे. अट एकच. ओटा फोडायचा नाही, त्याला जाळी, साखळी किंवा "येथे बसू नये" अशी पाटी लावायची नाही. चौकात चौघे उभे राहिले तर टोळी म्हणतात, ओट्यावर बसले तर टवाळ म्हणतात. मग लेकरांनी जायचे कुठे?

कलम दुसरे : टेपरेकॉर्डर व एक कॅसेट. गुलाबसिंग नावाचे ट्रक ड्रायव्हर मुंबईहून माल घेऊन येत, कनेरगाव नाक्यावर जेवत आणि कपडे मात्र आमच्या बाबांकडूनच शिवून घेत. १९९३ साली त्यांनी एक कॅसेट बाबांच्या टेबलावर ठेवली. "मास्टरजी, बंदरगाह पे एक खलासी ने दी. अपने को कुछ समझता नहीं, बच्चों को दे दो." तिच्यात अमेरिकेतल्या काळ्या पोरांची गाणी होती. त्याला हिपहॉप म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळले. आम्ही त्याला ठोक्याचे गाणे म्हणायचो. शब्द एकही कळत नव्हता. पण कोणीतरी आपल्या गल्लीत उभे राहून, हाकलायला आलेल्याला तोंडावर सुनावत आहे, एवढे बराबर कळत होते. ते आम्हाला परके नव्हते. जयंतीच्या जलशात आमची म्हातारी माणसे तेच करत आली होती.

वस्तीत तेव्हा लाइटचा भरवसा नसे, म्हणून टेप सेलवर चाले, आणि नवे सेल आम्हाला परवडत नसत. हलगी वाजवणारा आमचा लखमा उतरलेले सेल सांडग्यांसारखे पत्र्यावर उन्हात वाळत घालायचा. संध्याकाळी ते पुन्हा थोडे चालत. त्यांच्यावर गाणे जड आणि सावकाश निघे, गाणारा विहिरीतून बोलल्यासारखा वाटे. त्या चालीवर लखमाने हलगी बसवली, आणि रविंद्र यांनी आपले अंग.

होय, रविंद्र यांनी. आज ते मुख्याध्यापक आहेत आणि प्रार्थनेला उशीर झालेल्या पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावतात. तेव्हा ते या ओट्यावर डोक्यावर उभे राहून भिंगरीसारखे फिरत. त्यांच्या टोपीत मी चिंध्यांची चुंबळ शिवून दिली होती, डोके सोलू नये म्हणून. अंगात मी शिवलेली ढगळ पँट. दोन पायांचे कापड मी एका पायाला लावले तेव्हा बाबा ओरडले होते, "पोरी, ही पँट हाय का तंबू?" पोलिसांची गाडी आली की सगळी टोळी माझ्या दुकानात शिरून काज-बटणे करू लागे. इतकी शिस्तीची पोरे गल्लीत दुसरी नव्हती. तसा नाच मी नंतर टीव्हीवर पुष्कळ पाहिला, पण दादासारखा नाचणारा पाहिला नाही. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता १९९६ च्या दसऱ्याचे. एका मंडळाने नाचाची स्पर्धा ठेवली होती. आमचे नाव पुकारले. वायरमनने आमचा टेप जनरेटरच्या लाइटला जोडला, आणि गाणे जे सुटले ते थांबेना. रविंद्र पहिल्याच गिरकीत चुकले, सावरले, पुन्हा चुकले आणि पडले. लोक हसले. परीक्षक माईकवर म्हणाले, "गल्लीतले नाच गल्लीतच ठेवावेत." लखमाने टेप बंद करून हलगी घेतली आणि आमची चाल धरली. तो डोळ्यांनी म्हणत होता, ऊठ. पण दादा उठले नाहीत.

मी पडद्यामागे सुईदोरा घेऊन उभी होते, एखादी शिवण उसवली तर म्हणून. मला काय झाले माहीत नाही. ओढणी कमरेला बांधली, स्टेजवर चढले आणि मनात कधीचे जुळवून ठेवलेले होते ते लखमाच्या ठोक्यावर बोलले :

नाव काय पुसता? गल्ली पुसा,
गल्ली काय पुसता? ओटा पुसा!
काहून म्हनता मागं सर?
तुमच्या कोटाला माझं अस्तर!
टाळी वाजवा, न्हाई तर न्हाई,
माझ्या टाचेला थांबा न्हाई!

अस्तराचे खरेच होते, परीक्षकांचा कोट आमच्याच दुकानातला. त्यांनी माईक बंद करायला लावला. मी तशीच ओरडून पुढचे सगळे म्हटले आणि मगच उतरले. घरी दादा म्हणाले, "जोते, माजी इज्जत तू घालवलीस. मी पडलो ते लोक इसरले असते. तू चढलीस ते इसरायचे न्हाईत." ते खरे ठरले. माझी ठरत आलेली सोयरीक त्यापायी मोडली. मोडली ते बराबर झाले, कारण ज्या घरात सुनेने मोठ्याने बोलायचे नाही तिथे मी आठवडाही टिकले नसते. दादांनी पँट काढून माझ्या टेबलावर फेकली आणि पुन्हा कधी ओट्यावर पाय दिला नाही. आजही येतात ते रस्त्यावर उभे राहून हाक मारतात.

दोन वर्षांपूर्वी प्रतिक्षाने तेच गाणे मोबाईलवर शोधून काढले. मी ऐकले तर आवाज पातळ आणि ठोका पळतो आहे. मी म्हटले, हे ते नव्हेच. ती हसली. "आत्या, हेच हाय. तुमचे सेल उतरलेले राहायचे, म्हणून तुमी ते हळू ऐकलं." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कातरी टाकून तशीच दादांच्या घरी गेले. म्हटले, "दादा, तू चुकला न्हाईस. जनरेटरवर गाणंच पळालं व्हतं. आपून सगळेच हळू शिकलो व्हतो." ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काहून जुनं उकरून राहिली? पोरखेळ व्हता तो." आणि दुसऱ्या दिवशी ओटा मोजायला माणूस घेऊन आले. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आले.

प्रतिक्षा म्हणते, मोबाईलवरची चाल खरी. मी म्हणते, ती त्यांची खरी, आणि आमची आमची खरी. तिच्यावर एक माणूस डोक्यावर उभा राहून फिरला आहे. चुकलो असू तर सगळे मिळून चुकलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. टेप व कॅसेट मी लखमाला देत आहे. डीजेच्या गाड्या आल्यापासून त्याच्या हलगीला लग्नात कोणी बोलावत नाही, तो मोंढ्यात पोती उचलतो. त्याच्या पश्चात दोन्ही वस्तू प्रतिक्षाकडे जातील. टेप लाइटवर किंवा नव्या सेलांवर कोणीही चालवू नये.

कलम तिसरे. शिलाई मशीन, कातऱ्या, इस्त्री आणि पोस्टात जे उरेल ते पूजाला. ती माझ्याकडे काज करायला आली होती आणि आता माझ्याहून सुबक कोट शिवते. दुकानाच्या जागेवरून प्रतिक्षाने तिला उठवू नये.

कलम चौथे. माईक बंद करायला लावणारे परीक्षक हयात आहेत आणि बाजारात मला नमस्कार करतात. त्यांना मी काहीही देत नाही. आजवर केलेले नमस्कारही परत घेते.

कलम पाचवे. भाऊ रविंद्र यांना ती पँट. मी ती दरवर्षी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. शिवणीच्या आत जादा कापडाची भरपूर माया ठेवलेली होती, ती सोडून कंबर मोठी केली आहे. आता बसेल.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीत त्रिशरण, पंचशील झाले की टेप लावावा, उन्हात वाळवलेले सेल घालून. भाषणे नकोत. "ज्योतीताई फार शांत स्वभावाच्या होत्या" असे कोणी म्हणू लागल्यास लखमाने त्याला खाली बसवावे.

साक्षीदार म्हणून मी लखमाला आणि रविंद्र यांनाच बोलावले आहे. वकील नको म्हणत होते. मी म्हटले, उद्या ज्याला वाद घालायचा आहे त्यानेच आज वाचून सही करावी. सही ओट्यावर बसूनच करायची आहे. दादा आले नाहीत तर समोरच्या किराणावाल्यांची सही घ्यावी. ओटा त्यानेही फुटणार नाही. पण दादा आले तर मला बरे वाटेल.

ठिकाण : हिंगोली, दुकानापुढचा ओटा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५
सही : ज्योती अमृतराव पाईकराव

ज्योतीताईंनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि नेहमीइतक्याच तापलेल्या होत्या.

साक्षीदार १ : लखमा सटवाजी खंदारे, धंदा हलगी. (हमाली लिहू नका म्हणाले.)

साक्षीदार २ : मी, रविंद्र अमृतराव पाईकराव, मुख्याध्यापक. कागद दोनदा वाचला, ओट्यावर बसून वाचला. ओट्याबाबत माझी हरकत नाही. सह्या चालू असताना लखमाने टेप लावला. वकीलसाहेबांनी चांगुलपणाने नवे सेल आणून दिले होते, त्यामुळे गाणे पळू लागले. मी ते काढून पत्र्यावरचे घातले. आता बराबर चालून राहिलंय.
सही : रविंद्र अ. पाईकराव