घाटमाथ्यावरचा पंप

रविवार, २ मार्च

आजही मीच मागे! भिंगरीचा ट्रक घाट चढून वर पोचला आणि माझा खालच्या वळणावर धक्के खातोय. चित्र थांबतं, मग एकदम उडी मारतं, तोवर मी कठड्यावर. कानात पोरीचं हसू. "बाबा, या सावकाश. मी पंपावर थांबते."

लहानपणी पाय एका जागी ठरत नव्हते म्हणून नाव पडलं भिंगरी. आता तर पार समुद्रापलीकडे जाऊन बसली. जाताना कॉम्प्युटर आणि हा ट्रकचा गेम मला देऊन गेली. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं दोन ट्रकमधून माल पोचवतो. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. ही म्हणते, म्हातारचळ लागला. लागू दे! फोनवर मला बोलता येत नाही, काय करू? ही तासभर बोलते आणि शेवटी "घ्या, बोला तिच्याशी" म्हणून फोन माझ्या हातात कोंबते. बरी आहेस? हो. जेवलीस? हो. संपलं! पण ट्रक चालवायला घेतला की जिभेचं कुलूप आपोआप निघतं. तिचंही.

आज पंपावर थांबल्या थांबल्या म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय—" आणि माझा कॉम्प्युटर बंद! परत चालू करेपर्यंत तिची मैत्रीण तिला न्यायला आली होती. काय सांगायचं होतं? डोक्यात भुंगा शिरलाय.

मंगळवार, ४ मार्च

कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन आलो. म्हणाला, "काका, प्रोसेसर जुना झालाय. नवीन घ्या, नाहीतर ओव्हरक्लॉक करा." म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. मी म्हटलं, अरे, माझा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. लिफ्टने ठरलेला वेग ओलांडला की वर बसवलेला गव्हर्नर तिला जागच्या जागी जखडतो. वेग वाढवणाऱ्याला आमच्यात कुणी शहाणा म्हणत नाही! तो हसला. "इथेही तेच. फार तापला की आपणहून हळू होतो, नाहीतर बंद पडतो. आत माणसं नसतात एवढंच."

गेमला फरक पडतो का ते सरळ सांग, म्हटलं. "घोडं कुठे अडलंय त्यावर आहे, काका. चित्र काढणारं कार्ड कमी पडत असेल तर प्रोसेसर कितीही पळवा, काही होत नाही. पण तुमच्या गेममध्ये रस्त्यावर गर्दी फार. एवढ्या गाड्या हलवताना प्रोसेसरच दमतो. पडेल थोडा फरक."

थोडा चालेल. मला कुठे शर्यत जिंकायचीय? घाट चढला म्हणजे झालं.

शुक्रवार, ७ मार्च

वेग वाढवला. गेम आधीपेक्षा हळू! तापतो आणि मध्येच दम खात बसतो. हात दाखवून अवलक्षण.

शनिवार, ८ मार्च

आज कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत एवढी धूळ की उशी भरली असती! हिच्या केस रंगवायच्या ब्रशने सगळी काढली. (ब्रश धुऊन जागेवर ठेवलाय. हिला अजून पत्ता नाही.) प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. ती खरवडली, नवी लावली, मोठा पंखा बसवला. मग वेग चढवला, पण बेताबेताने. थोडा चढवायचा, चालवून बघायचा, तापतोय का ते पाहायचं. चालला! ही दारातून म्हणाली, "झाला का गाढवाचा घोडा?"

झाला!!

रविवार, ९ मार्च

काय पळाला! भिंगरीच्या मागच्या दिव्यांना चिकटून अख्खा घाट चढलो. एक धक्का नाही. पंप आला आणि गेला. "वा बाबा! आता थांबायलाच नको!" माल उतरवला. "चला, लवकर आटपलं. कपडे धुवायचे पडलेत माझे. बाय बाबा!"

हेडफोन कानाला तसाच ठेवून बसलो. ते सांगायचं राहिलेलं तिने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला काय धाड भरली होती? पण विचारलं की या बोलण्याचाही फोन होतो. बरी आहेस? हो.

रविवार, १६ मार्च

आजही तसंच. पुढे बस आहे. बघितली. डावीकडे घे. घेतला. एवढंच बोलणं! घाटात दोघांचंही लक्ष रस्त्यावर, आणि घाट संपला की माल उतरवून मोकळे.

पूर्वी पंपावर काय काय बोलायची. ऑफिसात साहेबीण ओरडली म्हणून जिन्यात जाऊन रडली होती, ते मला पंपावर कळलं. हिला अजून माहीत नाही. भात करपला ते, घरमालक कसा चिक्कू आहे ते, सगळं पंपावर. मी खालून धडपडत वर येतोय आणि ती बोलतेय. मला ऐकू तर सगळं यायचं! आणि तेच मी बंद करून ठेवलं, वर चार दिवस खपून.

पोरीची फार आठवण येते. लिहिलं एकदाचं.

बुधवार, १९ मार्च

कॉम्प्युटरवाला रस्त्यात भेटला. "पडला का फरक, काका?" म्हटलं, पडला. भलताच पडला. बिचारा खूश होऊन गेला.

शनिवार, २२ मार्च

वेग उतरवला. मूळ होता त्याच्याही खाली. हिने पाहिलं. "एवढी उस्तवार करून घोडा केलात, आणि आता परत गाढव?"

म्हटलं, हो.

हिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. चहा आणून ठेवला आणि गेली.

रविवार, २३ मार्च

धक्के! खालच्या वळणावर कठड्याला धडकलो, तेही मुद्दाम नव्हे. "बाबा, परत बिघडला का? या, मी थांबते पंपावर." जिवाला काय बरं वाटलं!

मग म्हणाली, "बाबा, मला इथे कायम केलंय. मी हो म्हटलंय." दोन वर्षांसाठी गेली होती. आता येईल ती सुट्टीला, पाहुण्यासारखी.

"कधीचं सांगायचं होतं. पण आरशात बघितलं की तुमचे दिवे लांब कुठेतरी मागे. एकटेच धडपडताय. मग तोंडच उघडत नाही. मधे दोनदा तुम्ही बरोबर होतात, तेव्हा वाटलं नकोच सांगायला, आजचा दिवस चांगला जाऊ दे."

मी म्हटलं, छान झालं. चांगली नोकरी आहे, सोडू नकोस. एवढं बोललो आणि मग जमेना. ट्रक घाटात उभाच. "बाबा? अडकलात का?" म्हटलं, कॉम्प्युटर अडकलाय गं.

कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता.

सोमवार, २४ मार्च

तिने आज आईला सांगितलं. ही फोनवर हसून बोलली आणि फोन ठेवल्यावर रडली. मग माझ्यावरच उखडली! "तुम्हाला कालच कळलं होतं. तोंडावरून दिसत होतं."

शुक्रवार, २८ मार्च

लांब कुठेतरी मागे, एकटेच. पाच दिवस तेवढंच कानात. मी तिला थांबवायला वेग उतरवला, आणि ती तिथे आरशात बघत बसलेली. पोरीने गाडी चालवायची की बापाकडे बघायचं?

रविवार, ३० मार्च

सकाळीच वेग परत चढवला. होता तेवढा, आणि वर एक पायरी. टिकला.

दुपारी घाटात, भिंगरीचं लक्ष पुढच्या बसवर असताना, तिच्या पुढे निघून गेलो, पहिल्यांदाच. पंपावर ट्रक उभा केला, इंडिकेटर लावला. कानात तिचा घाबरा आवाज, "बाबा? कुठे आहात? आरशात दिसत नाही तुम्ही!"

म्हटलं, आरशात कशाला शोधतेस? समोर बघ. पंपावर आहे. ये सावकाश, मी थांबतो.