तिच्या फोनमधली नावं

४ फेब्रुवारी

तिचा फोन आज उघडला. ती गेल्याचं तिच्या शिवणकामाच्या गिऱ्हाइकांना कळवायला हवं. शिवणाच्या खोलीत दांडीभर कपडे तयार टांगलेत.

फोनमध्ये एक नाव धड असेल तर शपथ! ‘उजवा खांदा खाली.’ ‘पोट आत घेतो.’ ‘मान आखूड.’ जन्मभर मी कचेरीत नोंदी ठेवल्या, आणि घरात हे!

५ फेब्रुवारी

सकाळपासून बसून सगळं सरळ केलं. मेसेजवर माणसांची खरी नावं दिसतात. तिचं खोडून आडनाव, नाव, काम असं टाकत गेलो. माझा नंबर नुसता ‘घर’ म्हणून होता. तेवढा तसाच ठेवला.

आडनावांची छान रांग लागली. ती गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी हातावेगळं झालं.

६ फेब्रुवारी

घोटाळा! कपडे द्यायला काढले, तर प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी — आणि चिठ्ठीवर तीच नावं, जी मी काल पुसली. आता आखूड मानेचा कोण, कुणाला ठाऊक?

मुलीला फोन केला. “बाबा, जुनी नावं कुठे उतरवून नाही ठेवलीत?” नाही ठेवली. परत आणता येतात का बघते म्हणाली. थोड्या वेळानं — “नाही येत.” फोन कुणीच ठेवला नाही. मग तिनं विचारलं, “मला आईनं काय नाव दिलं होतं?”

‘धावत येते’ असं होतं. तेही मी नीट केलं होतं. सांगितल्यावर हसली. मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

९ फेब्रुवारी

सगळ्यांनाच बोलावून घेतलं. पहिला पोस्टमन आला. मी त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडेच बघत राहिलो. पिशवीच्या वजनानं उजवा चांगलाच उतरलाय. इतकी वर्षं याच्या हातून टपाल घेतलं, दिसलं कधी नाही!

“वहिनी म्हणायच्या, पिशवी डावीकडे घ्या, नाहीतर पुढचा शर्ट वाकडाच शिवीन.” तिथंच अंगात घातला. माणूस एकदम सरळ दिसायला लागला.

१० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या कोटाच्या चिठ्ठीवर ‘पोट आत घेतो’, आणि खाली बारीक अक्षरात — ‘दोन इंच जास्त. सांगायचं नाही.’

आरशासमोर वळून वळून बघत होते. “बघा! मागच्या वर्षीचंच माप. तसूभर वाढलो नाही!”

“दिसतंच आहे,” मी म्हणालो.

ते गेले, दार लावलं आणि हसलो. किती दिवसांनी!

१२ फेब्रुवारी

जेवण झाल्यावर तिच्या खोलीत नुसताच बसलो. मशीनचा आवाज थांबला की बाहेर कळायचं, आत कुणाला तरी निरखून बघणं चाललंय.

संध्याकाळी गळ्यात टेप घेऊन बाहेर यायची. “उभे राहा बरं जरा.” मी पेपरातूनच — “नंतर.” माझे शर्ट आपले दुकानातले तयार. “लोकांना माझं कौतुक, आणि घरचा माणूस दुकानातलं घालून फिरतो!” म्हणायची, पण हसून. मग टेप गुंडाळत आत जायची.

१५ फेब्रुवारी

दांडी रिकामी. एकच शर्ट उरलाय. राखाडी, बारीक रेघांचा. चिठ्ठी — ‘मोजू देत नाही’.

आला त्या प्रत्येकाला दाखवला, कुणाचाच नाही. पोस्टमन म्हणाला, “असेल कुणीतरी हट्टी. वहिनींना छळलं असणार त्यानं.” मलाही तसंच वाटतं. पण कसाही असला तरी शर्ट त्याचा आहे. तिनं शिवलेला शेवटचा बहुतेक. आणि माझ्या शिस्तीपायी त्याचं नावच गेलं. फोनमधली रांग वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. यातला कुठला तो, काही केल्या आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

मुलगी म्हणते, “येईल तो आपणहून.” फोनवर चिठ्ठी मात्र तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

१८ फेब्रुवारी

शर्ट घडी करून ठेवायला घेतला. मग अंगात घातला. खांदे बरोबर. बाही नेमकी मनगटावर.

हे नाव मी पुसलेलं नाही. फोनमध्ये ते कधी नव्हतंच.